कपाटाचं कुलूप आधी काढा

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ८४ टक्के. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या सूर्यकिरण टीमची प्रात्यक्षिकं दोघांनी मिळून पाहिली आणि पोरगा सूर्यकिरणमध्येच जाणार, हे वडिलांनी तिथेच ठरवलं. पाहुण्यारावळ्यांना सांगूनही झालं. मुलात 'धाडस कमी' म्हणून गावच्या जत्रेत त्याला मोठ्या पाळण्यात लागोपाठ तीनदा बसवलं. त्याला उलटी झाली. थर्माकोलची विमानं करण्यात वेळ घालवतो म्हणून ती कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत. आता विचारतात, एअर शोच्या वैमानिकाचा कोर्स कुठे असतो आणि त्यासाठी दीड एकर विकून मुलाला फ्लाइंग क्लबात घालावं का? पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: 'मॅडम, विमानाच्या धुराला रंग कसा येतो?'

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मार्कांची काळजी मला वाटली नाही, पाळण्याची वाटली. पोर उलटी करून खाली उतरतं आणि बाप त्याला पुन्हा बसवतो, हे वाचून मी काही वेळ पत्र बाजूला ठेवलं. तुम्ही हे मायेपोटी केलं असेल, पण त्यातून मुलगा एकच गोष्ट शिकला असणार: आपल्याला काय होतंय ते बाबांना सांगून उपयोग नाही. लढाऊ वैमानिकाने हे शिकणं धोक्याचं आहे. आज मला बरं वाटत नाही, मी उडणार नाही, असं त्याला तोंडाने सांगता आलं पाहिजे.

आणि पाळण्याचा विमानाशी काडीचा संबंध नाही. विमान जोरात वर खेचलं की सहा 'जी'ला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराला, ६० किलोच्या माणसाचं वजन ३६० किलो भरतं. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा पोट आणि मांड्या आवळून श्वास कसा धरायचा, हे लढाऊ वैमानिकांना बंगळुरूच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकवतात. ते शिकवणं त्यांच्यावर सोडा.

पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज 'धाडस' या शब्दात आहे. मरीन ड्राइव्हवर खालून बघताना तसं वाटतं खरं. पण कॉकपिटमध्ये काय चालतं ते ऐका. नऊ विमानांच्या रचनेत समोर बघण्याचं काम एका लीडरचं. बाकीच्यांची मान लीडरच्या विमानाकडे वळलेली असते. त्या विमानावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत दिसल्या की आपण जागेवर आहोत. जरा सरकल्या की थ्रॉटल (वेगाचा दांडा) आणि स्टिक (दिशेचा दांडा) केसभर हलवायची. पंखांच्या टोकांमध्ये अंतर पाच मीटरपेक्षाही कमी. जमीन कुठे आणि आकाश कुठे, ते लीडरने बघायचं, बाकीच्यांनी त्याच्या आवाजावर हात चालवायचा. या भरवशाची किंमत किती असते? जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या प्रात्यक्षिकांच्या टीमची चार विमानं नेवाडाच्या वाळवंटात सराव करत होती. लूपमधून, म्हणजे हवेत उभा गोल घेऊन, खाली येताना लीडरच्या विमानात बिघाड झाला आणि ते वर उचललं गेलं नाही. बाकीचे तिघे नजर न हलवता त्याच्यामागे जमिनीवर आदळले. चौघेही गेले. आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली, त्यात विंग कमांडर साहिल गांधी यांना वीरमरण आलं. अशा जागी हौशी धाडस कुणालाही नको असतं. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स या अशाच टीमचे वैमानिक शोआधी टेबलाभोवती बसून, डोळे मिटून, लीडर एकेक आज्ञा उच्चारेल तसा हात हलवत अख्खा कार्यक्रम मनात उडवतात. तासन्‌तास मान खाली घालून थर्माकोल कापणारा मुलगा तुम्हाला भित्रा वाटतो. मला तो या कामाच्या जास्त जवळचा वाटतो.

आता कोर्सचं. असा कोर्स नसतो. सूर्यकिरणसाठी बारावीनंतर अर्ज करता येत नाही. आधी हवाई दलाचा लढाऊ वैमानिक व्हायचं, काही वर्षांनी उड्डाण प्रशिक्षक व्हायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं. निवड झाली तर टीमच्या तळावर, बिदरला जायचं आणि काही वर्षांनी पुन्हा स्क्वॉड्रनमध्ये परतायचं. ती एक नेमणूक आहे. शिवाय ही टीम १९९६ साली किरण विमानांवर उभी राहिली आणि २०११ मध्ये थांबवली गेली, कारण नव्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाला ती विमानं हवी होती. २०१५ मध्ये हॉक विमानांवर ती पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत कुणी 'फक्त सूर्यकिरण' म्हणून बसला असता, तर कुठे गेला असता?

वैमानिक व्हायचंच असेल तर फिजिक्स-मॅथ्ससह बारावी आणि एनडीए (सैन्यदलांच्या प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा), किंवा पदवीनंतर एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा). पुढे एसएसबी (अधिकारी निवडीच्या मुलाखती आणि चाचण्या), वैमानिक चाचणी (ती आयुष्यात एकदाच देता येते) आणि कडक वैद्यकीय तपासणी. जमीन विकू नका. फ्लाइंग क्लबच्या परवान्यावर सूर्यकिरणमध्ये कुणी घेत नाही.

आता पेन्सिलवाल्या मित्राला.

बाळा, धूर म्हणजे डिझेल. ते बारीक नळीतून इंजिनाच्या तापलेल्या झोतात सोडतात. तिथे त्याची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत ती निवून तिचे बारीक थेंब होतात आणि आपल्याला पांढरा पट्टा दिसतो. डिझेलमध्ये रंग मिसळला की पट्टा रंगीत होतो. हा धूर फक्त शोभेचा नसतो. वारा कुठून, किती जोरात वाहतोय, हे त्यावरून कळतं, आणि लांबून समोरासमोर येणारी दोन विमानं एकमेकांना लवकर दिसतात. सूर्यकिरणच्या हॉकसाठी रंगीत धुराचे पॉड (विमानाला जोडायच्या टाक्या) आपल्या नाशिकच्या हवाई दल डेपोत तयार झाले. तिथली माणसं तुझ्यासारखाच प्रश्न विचारत मोठी झाली असणार.

बाबासाहेब, त्या दिवशी समुद्राकडे बघताना तुम्हाला वैमानिक दिसला. मुलाला धूर दिसला. माझं मत स्पष्ट सांगते: या मुलाचा कल विमान उडवण्यापेक्षा विमान कसं चालतं याकडे आहे. एरोनॉटिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि हवाई दलाची तांत्रिक शाखा, हे रस्ते त्याच्यासमोर ठेवा. एनडीएची परीक्षा त्याने स्वतः मागितली तर जरूर देऊ द्या; मागितली नाही तर पुन्हा विषय काढू नका. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, तो भार त्याच्यावर टाकू नका.

कपाटाचं कुलूप आज संध्याकाळीच काढा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, पेनाने, कागदाच्या पुढच्या बाजूला.