दोन एकर विकून डिझाइनची डिग्री?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका कास्तकार वाचकाचं पत्र आलंय. पावणेपाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. मुलगी बारावीला, कला शाखेत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी आहे. तिला ग्राफिक डिझाइन शिकायचंय. पुण्याचं एक खासगी विद्यापीठ चार वर्षांचे फी, हॉस्टेल, जेवण धरून १९ लाख सांगतं आणि महिनाअखेर एक लाख भरून सीट पक्की करा म्हणतं. रोडलगतच्या दोन एकराला गिऱ्हाईक आहे, एकरी नऊ लाखांनी. घरात २ लाख ४० हजारांची एफडी आहे. १ लाख ६० हजारांचं पीककर्ज मागच्या मार्चपासून थकीत आहे. धाकटा मुलगा आठवीत. प्रवर्ग ओबीसी. मेहुणे म्हणतात, यवतमाळला सहा महिन्यांचा डीटीपी कोर्स लावून द्या, काम तेच आहे. ‘पोरगी म्हणते आता नाही तर कधीच नाही. काय करू?’

भाऊ, पोरीला शिकवा, आणि डिग्रीलाच घाला. पण वावर विकू नका आणि ते एक लाख पाठवू नका.

मेहुण्यांचं आधी बघू, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप चालवायला सहा महिने पुरतात. तालुक्यात फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर यांवर पोट भरणारी मुलं त्याच वाटेनं गेलीत. अडचण अशी की नेमकं हेच काम आता सर्वांत स्वस्त होत चाललंय. तयार नमुना उचलून नाव-फोटो बदलणं आज गिऱ्हाईक स्वतःच मोबाइलवर करतं, आणि एआयवाली साधनं आल्यापासून तर दोन मिनिटांत चार बॅनर निघतात. डिग्रीत शिकवतात ते वेगळं: अक्षरांची मांडणी, छपाईचं तंत्र, पॅकेजिंग, जाहिरातीची कल्पना. त्यातही देवनागरी अक्षरं नीट बसवू शकणारा माणूस आजही सहज सापडत नाही. तेव्हा चार वर्षं वाया जात नाहीत. पण त्यांना किंमत किती मोजायची, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथेच तुम्हाला घाई करायला लावलंय.

आता १९ लाखांकडे येऊ. जमिनीवर आपला जीव असतो म्हणून विकू नका, असं मी म्हणत नाही. आकड्यांनीच बोलायचं तर कोरडवाहू वावर फार काही देत नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एकरी पाच क्विंटल धरा, तर चाळीस हजारांची विक्री. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी गेली की हातात पंधरा हजार उरले तरी बरं वर्ष म्हणायचं. म्हणजे १८ लाखांच्या दोन एकरातून वर्षाला तीस हजार. तीच रक्कम एफडीत सात टक्क्यांनी सव्वा लाख देईल. उद्या घर बांधायला किंवा बागायतीचं वावर घ्यायला तुम्ही हे दोन एकर विकले असते, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. इथे मात्र १८ लाख एका अशा पगारावर लागणार आहेत जो अजून कुणी पाहिलेला नाही, आणि धाकट्याच्या वाट्याला पावणेतीन एकर उरतात.

तो पगार किती, हे विद्यापीठाला लेखी विचारा. सर्वांत मोठं पॅकेज सांगू देऊ नका, ते जाहिरातीसाठी असतं. मागच्या वर्षी या शाखेतून किती मुलं बाहेर पडली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, एवढं विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. हिशेबापुरते पुण्यात सुरुवातीला २५ हजार धरू.

आता समजा जमीन न विकता दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, वर्षाला अडीच लाख याप्रमाणे, साडेदहा टक्क्यांनी. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण साधं व्याज चढत राहतं. पाच वर्षांअखेर ते पावणेचार लाखांच्या आसपास होतं. मग पावणेचौदा लाखांवर दहा वर्षांचा हप्ता येतो महिन्याला साधारण १८,५००. पंचवीस हजारांत पुण्याची खोली, जेवण आणि हा हप्ता कसा बसवणार? आणि वरचे नऊ लाख तर अजून उभेच करायचेत. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमिनीचं तारण त्यांना नकोसं असतं, कारण ज्या सरफेसी कायद्यानं त्या घर-प्लॉट जप्त करतात तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणजे राहतं घर अडकवावं लागेल.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला वाटतं ती तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे तुमची मुलगी पुण्याला गेली तर १९ लाख, आणि सरकारी वाटेनं गेली तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क शून्य.

ती वाट अशी. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथला उपयोजित कलेचा चार वर्षांचा बीएफए (ललित कलेची पदवी) म्हणजे बऱ्याच अंशी तुमची मुलगी म्हणते तेच ग्राफिक डिझाइन. छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालय आहे. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएएच-एएसी-सीईटी परीक्षेतून होतो. तिनं इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र केलंय, त्याच जातीचे पेपर इथे असतात. ‘अ’ श्रेणीवाल्या मुलीनं याला घाबरू नये, पण रोज दोन तास हात चालला पाहिजे. अर्जाच्या तारखा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आजच बघून घ्या. बारावीच्या गडबडीत हाच फॉर्म राहून जातो.

फी गेली तरी राहणं-खाणं राहतंच. नागपुरात मेस आणि खोलीचे महिन्याला सात हजार, सुट्या सोडून दहा महिने, आणि रंग-कागद-प्रवासाचे वर्षाला पंचवीस हजार. वर्षाकाठी ९५ हजार म्हणू. चार वर्षांचे पावणेचार-चार लाख. लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊ नका, पायाभूत वर्षात बहुतेक काम हातानंच असतं. दुसऱ्या वर्षी साठ-सत्तर हजारांचा घ्या.

तुमची जमीन दोन हेक्टरच्या आत येते, म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. अशा घरच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तुमच्या प्रवर्गाला ती लागू आहे का ते आधी बघा, मग शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा. (पंजाबराव आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांच्या नावाची योजना वऱ्हाडातल्याच माणसाला ठाऊक नसावी!) भत्ता उशिरा येतो, म्हणून तो हिशेबात धरू नका, आला की कर्जात भरा.

या खर्चातल्या मोठ्या वाट्यासाठी वर्षाला ७५ हजार, एकूण तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढा. चार लाखांपर्यंत तारणही नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. मॅनेजर म्हणेल, फीच नाही तर कर्ज कशाला? त्याला सांगा, वसतिगृह, जेवण, साहित्य आणि लॅपटॉप हा खर्चही शैक्षणिक कर्जात बसतो. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, तीही मागा. शिकत असतानाचं व्याज दरवर्षी भरत गेलात, पहिल्या वर्षी आठ हजारांच्या आत आणि पुढे चढतं, तर शेवटी दहा वर्षांचा हप्ता चार हजारांच्या आसपास येतो. अठरा हजारांच्या पगारातूनही पोरगी तो भरू शकेल.

पण या कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल, आणि तुमचं पीककर्ज थकीत आहे. बँक ते पहिल्या मिनिटाला बघेल. कर्जमाफीची वाट बघताय, हे मी समजू शकतो. अख्खा तालुका बघतोय. पण या वाट बघण्यानं तुमचंच नुकसान होतंय. वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं, थकीत झालं की ती सवलत जाते आणि सिबिलही खराब होतो. एफडी मोडा, १ लाख ६० हजार आणि वरचं व्याज भरा आणि नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचला. त्याआधी शाखेत जाऊन नवं कर्ज किती आणि कधी मिळेल ते पक्कं विचारा. मंजूर झालेल्या पैशातून पेरणी करा. एफडीतले उरलेले सत्तर-ऐंशी हजार दुबार पेरणीसाठी आणि दवाखान्यासाठी राहू द्या, त्यांना शिक्षणासाठी हात लावू नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत कुणी सांगेल. तुम्हाला आयकरच नाही, त्यामुळे ती तुमच्या कामाची नाही.

सरकारी जागा नाही मिळाली तर? कॅपमधूनच भरणारी खासगी कला महाविद्यालयं बघा, विनाअनुदानित असलं तरी माफी लागू होते. तेही जमलं नाही तर एक वर्ष मेहुण्यांचा डीटीपी कोर्स करू द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी. एका वर्षानं काही बिघडत नाही, आणि सॉफ्टवेअर आलेली मुलगी पुढे वर्गात दोन पावलं पुढेच असते. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा आयआयटीचं डिझाइन मिळालं तर मला पुन्हा लिहा. तिथली फी मोठी आहे, पण केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतल्या संस्थांमधल्या मुलांना विनातारण कर्ज आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तीन टक्के व्याजसवलत मिळते; हिशेब बदलतो. इतर कुठल्याही संस्थेसाठी तुमची मर्यादा एकच: व्याजासकट पाच लाखांच्या वर कर्ज जाऊ द्यायचं नाही. त्याचा हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास बसतो, त्यापुढे पहिल्या पगारावर ओझं होतं.

महिनाअखेरच्या मुदतीचं दडपण घेऊ नका. जागा भरायची घाई त्यांना आहे. समजा कुणी पैसे भरलेच असतील, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काचे जास्तीत जास्त पाच हजार सोडून पूर्ण फी परत द्यावी लागते, नंतर ती टप्प्याटप्प्यानं कापली जाते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत.

या आठवड्यात तहसीलला जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर काढायला टाका, जातीच्या दाखल्याची पडताळणी राहिली असेल तर तीही, कारण पडताळणीलाच सर्वांत जास्त वेळ जातो. आणि गिऱ्हाईक इसार घेऊन आलं, तर सीईटीचा निकाल लागेपर्यंत एक रुपयाही घेऊ नका आणि इसारपावतीवर सही करू नका.