जहाजाचे वजन कमी करण्याची वाट

प्रश्न : अधिक ताकदीचे पोलाद वापरून पत्रे पातळ केले की जहाजाचे वजन घटते; मग सांगाड्याच्या मांडणीला एवढे महत्त्व कशासाठी?

उत्तर : साधे जहाजी पोलाद सुमारे २३५ मेगापास्कल ताण सोसते, अधिक ताकदीचे ३५५, परंतु दोहोंचा ताठपणा सारखाच असल्यामुळे पातळ केलेला पत्रा दाबाखाली लवकर दुमडतो, आणि वारंवार बदलणाऱ्या ताणाने जोडकामाला तडे जाण्याचा धोकाही वाढतो. म्हणून पत्र्याला आधार कोणत्या दिशेने द्यायचा, हा प्रश्न मला धातूच्या निवडीपेक्षा मोलाचा वाटतो. लाटांवर लांब जहाज तुळईसारखे वाकते. जोसेफ इशरवुड या इंग्रज अभियंत्याने मुख्य आधारपट्ट्या आडव्या न ठेवता जहाजाच्या लांबीच्या दिशेने बसवल्या, आणि १९०८ साली या पद्धतीचे पहिले तेलवाहू जहाज तयार झाले. या मांडणीत पट्ट्या स्वतः वाकण्याचा भार उचलतात. शिवाय तेवढ्याच अंतरावरील आडव्या पट्ट्यांच्या तुलनेत त्याच जाडीचा पत्रा दुमडण्यापूर्वी जवळपास चौपट दाब सोसतो. पातळ पत्रा खरा परवडतो तो इथे. मात्र गंजासाठी राखलेली जाडी या हिशेबात धरू नये.