मनाचे प्रश्न : आधारगट कोणी चालवायचा?

प्रश्न : धाकट्या भावाला बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) आहे. त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, चार वर्षं तब्येत चांगली आहे. आता आपल्यासारख्यांचा गट सुरू करायचा म्हणतो. देवळाचा हॉल मिळतोय. वडील म्हणतात, लोकांची दुखणी ऐकून हाच परत पडेल. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : करू द्या, पण एकट्याला नको. वडिलांची भीती खोटी नाही. ताण आणि जागरण यांमुळे बायपोलरचा झटका परत येऊ शकतो, आणि असे गट चालवणारे दमतात ते बैठकीत नव्हे, बैठकीनंतर रात्री अकराला येणाऱ्या फोनांमुळे. म्हणून चालवणारे दोघे असावेत, फोनची वेळ ठरलेली असावी. भावाने आधीच कागदावर लिहून ठेवावं : सलग दोन रात्री झोप कमी झाली, तर मी कोणाला सांगणार आणि बैठक कोण घेणार. महिन्यातून एकदा दोघांनी जाणत्या समुपदेशकापुढे बसून मन मोकळं करावं. ही देखरेख लोक पहिल्यांदा गाळतात, आणि गट तिथेच मोडतो.

जागेचा पुन्हा विचार करा. कोण कुठे गेला हे संध्याकाळपर्यंत तिठ्यावर कळतं, त्यामुळे गावातल्या हॉलमध्ये गावचाच माणूस येणार नाही. शिवाय देवळाच्या हॉलमध्ये ख्रिस्ती, मुसलमान शेजारी संकोचतील. शहरातलं वाचनालय किंवा पंचायतीची खोली बरी.

सहा ते आठ जण, पंधरा दिवसांनी एकदा, दीड तास. खुर्च्या गोल मांडा. सुरुवातीला प्रत्येकाला पाच मिनिटं द्या आणि घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा, नाहीतर एकच माणूस तास खातो. घरच्यांना वेगळ्या दिवशी बोलवा. आई शेजारी बसली की मुलगा बोलत नाही.

गोळ्यांबाबत नियम कडक हवा. ‘मी लिथियम सोडलं, मला काही झालं नाही’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबवून सांगा : लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा. मात्र ‘गोळी घेतल्यावर हात थरथरतो, हे डॉक्टरांना कसं सांगू?’ हा प्रश्न गटाचाच. तो अनुभव ज्याच्या अंगावरून गेला आहे, त्याच्याइतका नीट दुसरा कोण सांगणार?

जीव देण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटं घरी पाठवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. धोका तातडीचा असेल तर सरळ रुग्णालयात न्या.

प्रश्न : बहिणीवर मागे जे उपचार झाले, ते तिला पुन्हा नकोत. आधी सांगून ठेवता येतं का?
— डिचोली

उत्तर : येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार सज्ञान व्यक्ती कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे लेखी आगाऊ निर्देशात सांगू शकते. नंतर तो बदलताही येतो. आणीबाणीच्या उपचारांना तो लागू होत नाही. लिहायला मोफत कायदेशीर मदत मागता येते. चूक बहुधा एकच होते : कागद कपाटात राहतो. डॉक्टरांना प्रत मिळाली नसेल, तर तो न पाळल्याबद्दल त्यांना जबाबदार धरता येत नाही. म्हणून एक प्रत बहिणीच्या केसपेपरला जोडा, एक तिच्या प्रतिनिधीकडे द्या.