जागा करा, पण डिलीट दाबू नका

६४ जीबी स्टोरेजच्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन (क्लाउडवर) साठवायची सेवा, आरामात चालतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: लॅपटॉपवरच्या वनड्राइव्ह फोल्डरमधली फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. नवे लोक नेमके इथेच फसतात. (चुकून उडालीच, तर वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन रीसायकल बिनमध्ये ३० दिवस सापडते.) लॅपटॉपवर जागा हवी असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. हिरव्या खुणेच्या जागी निळा ढग आला, की फाइल फक्त क्लाउडवर उरली. नाव दिसत राहतं, उघडली की पुन्हा डाउनलोड होते. अर्थात नेट हवंच. म्हणून प्रवासात लागणाऱ्या फाइलींना आदल्या रात्रीच ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ लावून ठेवा.