वेटिंगवर असताना प्लॉट विकायचा का?

प्रश्न: माझं वय ५२, जिल्हा परिषदेत गट क मध्ये नोकरी, २००५ च्या आधीची. हातात ६८ हजार येतात, बायको ट्यूशनचे ९ हजार मिळवते, घरखर्च ४२ हजार. मुलीचा नीटचा हा दुसरा प्रयत्न. राज्याच्या दोन फेऱ्या झाल्या, एमबीबीएस लागलं नाही. आमच्या प्रवर्गाची यादी थांबली तिथून ती थोडीच मागे आहे. तिसऱ्या फेरीत खासगी कॉलेज लागेल असं वाटतं, फी वर्षाला साडेअकरा लाख. एक एजंट म्हणतो, संस्था कोट्यातून वर्षाला २७ लाखांत सीट पक्की करून देतो, ५ लाख टोकन आत्ता द्या. एफडी ९ लाख, जीपीएफ १४ लाख. नागपुरात मानेवाड्याकडे १५०० फुटांचा प्लॉट आहे, २०११ मध्ये साडेसहा लाखांना घेतला. नियमितीकरणाची डिमांड भरली, पण आरएल (नियमितीकरण पत्र) निघालेलं नाही. दलाल ४० लाख भाव सांगतो, पण हातात असलेलं गिऱ्हाईक ३१ देतं आणि १५ दिवसांत पूर्ण पैसे म्हणतं. इसार घेऊ का? धाकटा मुलगा नववीत आहे. मेहुणे ४ लाख हातउसने द्यायला तयार आहेत. जॉर्जियात एमबीबीएसला पाठवायचाही विचार चालू आहे. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर आहे म्हणून मुलीची फी माफ होईल, असंही कुणी सांगितलं. फॉर्म १६ साडेदहा लाखांचा आहे, पेन्शन माझ्या हिशोबाने ३६ हजार बसेल. आणि प्लॉट ठेवून सगळंच कर्ज काढलं तर?

उत्तर: इसार घेऊ नका. टोकन तर अजिबात देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

तुम्ही ज्याला वेटिंग म्हणता ती रेल्वेसारखी यादी नाही. ज्या मुलांना अखिल भारतीय १५ टक्के कोट्यातून किंवा एम्समध्ये जागा मिळते ती राज्याची जागा सोडतात, आणि पुढच्या फेरीत यादी खाली सरकते. म्हणजे तुमच्या मुलीचा नंबर लागेल की नाही, हे दुसऱ्याच कुणाच्या घरी ठरतंय. त्यात तुमच्या हातात काही नाही. हातात आहे ते एवढंच की लागली तर किती रुपयांपर्यंत आपण जाऊ, हा आकडा यादीच्या आधी ठरवणं. यादी लागल्यावर प्रवेश घ्यायला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. प्लॉट ३१ ला द्यायची घाई त्यातूनच येते आहे.

आधी फीमाफीचा घोळ मिटवू. तुमच्याकडे ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर आहे म्हणून मुलीची फी माफ होईल, असं तुम्हाला कुणी सांगितलंय. दोन्हीकडे ८ लाखांचा आकडा येतो म्हणून लोकांची गल्लत होते. नॉन-क्रिमीलेअरसाठी तुमच्या गटातल्या सरकारी कर्मचाऱ्याचा पगार धरत नाहीत. मुलींच्या फीमाफीचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. त्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, केंद्रीभूत प्रवेशातून लागलेल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा; पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि तिथे पगार धरतात. तुमचा फॉर्म १६ साडेदहा लाखांचा आहे, तेव्हा ती वाट बंद. ‘दाखला करून देतो’ म्हणणारे तहसील कार्यालयाच्या बाहेर भेटतील. तुम्ही सरकारी नोकर आहात, पगार कागदावर आहे. पेन्शनला सहा वर्षं राहिली असताना हा धोका कुणी घेतो का! वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचं उत्पन्न खरोखर ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी मात्र या लेखातलं सगळंच गणित बदलतं. खासगी कॉलेजचा आकडा ऐकून त्यांनी पसंतीक्रमातून ते कॉलेज गाळू नये.

आता तुमचा आकडा. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. साडेअकरा लाखांनी साडेचार वर्षांचे ५१ लाख ७५ हजार होतात. कॉलेज नागपूरबाहेर लागलं तर होस्टेल, मेस, पुस्तकं धरून आणखी साडेसात. म्हणजे ५९ लाख आणि वर थोडे.

तुमच्याकडून काय निघतं ते पाहू. एफडीतले ४ लाख घरच्या अडीअडचणीला राहू द्या, ५ वापरा. महिन्याला ३५ हजार शिल्लक राहतात. त्यातले २० हजार तिच्यासाठी, बाकी धाकट्यासाठी आणि वरखर्चासाठी. ५४ महिन्यांत १० लाख ८० हजार होतात. प्लॉट ४० ला गेला तर साडेतेहेतीस लाखांचा दीर्घकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीवर सरसकट साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यातला कमी असेल तो कर भरायची मुभा आहे. तुमच्या बाबतीत साडेबाराचाच कमी पडतो, सेस धरून सुमारे ४ लाख ३५ हजार. दलाली वगैरे जाऊन हातात ३५ लाख येतील असं धरू. बेरीज ५० लाख ८० हजार. राहिलेली तूट साडेआठ लाखांच्या आसपास; त्यातलं साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज सरकारी बँकेत तारण न ठेवता मिळू शकतं, वरचं लाखभर बचत खात्यातून. ओढाताण होईल, पण जमेल. जीपीएफला हात न लावता जमेल, हे महत्त्वाचं. ते १४ लाख धाकट्याचे आणि तुमच्या म्हातारपणाचे आहेत.

तर तुमची कमाल मर्यादा ६० लाख. एका कागदावर लिहा, वहिनींना आणि मुलीला दाखवा. मुलीला तर नक्कीच. एकोणीस वर्षांच्या मुलीपासून हे आकडे लपवले की ती एकतर अपराधी वाटून घेते, नाहीतर बाबांकडे भरपूर आहे असं समजते.

एजंटची सीट २७ गुणिले साडेचार, म्हणजे १ कोटी २१ लाख. मर्यादेच्या दुप्पट. इथे विषय संपतो, तरी एक सांगून ठेवतो. संस्था कोट्याचे प्रवेशही नीटच्या गुणवत्तेनेच होतात आणि राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश प्रक्रियेतून जातात. ‘पक्की सीट’ कुणी बाहेरचा माणूस देऊच शकत नाही. ठरलेल्या शुल्काच्या वर रोख मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. टोकनची पावती मागून बघा, एजंटचा सूर लगेच बदलेल.

मग प्लॉट विकायचाच आहे तर आत्ता का नको? कारण फी एकरकमी भरायची नसते. दरवर्षी भरायची असते. तिसऱ्या फेरीच्या दिवशी तुम्हाला ५९ लाख लागणार नाहीत, १४ लाख लागतील: साडेअकरा फी, दीड होस्टेल, लाखभर अनामत आणि इतर. त्या १४ लाखांसाठी अख्खा प्लॉट पंधरा दिवसांत मोडायचा? ३१ ला विकला तर कर जाऊन २७ लाख ८० हजार राहतील. ४० ला विकला तर कर जाऊन ३५ लाख ६५ हजार. घाईची किंमत पावणेआठ लाखांच्या वर. जवळजवळ तेवढंच कर्ज तुम्ही घेणार आहात!

आणि ते गिऱ्हाईक ३१ का म्हणतं? तुमच्या निकडीमुळे थोडं, पण मुख्यतः आरएल नाही म्हणून. ‘१९०० लेआउट’ म्हणतात त्या नागपुरातल्या अनधिकृत लेआउटमधल्या अशा प्लॉटवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे रोकड असलेलाच माणूस येतो, आणि रोकडवाला भाव पाडूनच मागतो. डिमांड भरलेली आहे म्हणता, म्हणजे निम्मं काम झालंय. पावती, विक्रीपत्र आणि मोजणीचा नकाशा घेऊन नागपूर सुधार प्रन्यासच्या कार्यालयात जा, काय अडलंय ते लेखी विचारा. आरएल हातात आलं की बँकेचं कर्ज काढून घेणारे पगारदार गिऱ्हाईक येतील. तुमच्याकडे त्यासाठी वर्षभर आहे, दुसऱ्या वर्षाची फी येईपर्यंत.

पहिल्या १४ लाखांची सोय अशी करा. एफडी पूर्ण ९, मेहुण्यांचे ४, बचत खात्यातून १. शैक्षणिक कर्जाचा अर्ज आजच बँकेत बोलून ठेवा; विद्यालक्ष्मी पोर्टलवर नोंदणी, तुमच्या पगाराच्या स्लिपा, तिच्या गुणपत्रिका हे सगळं तयार असलं की प्रवेशपत्र मिळाल्यावर मंजुरीला कमी वेळ लागतो. कर्जाचे साडेसात आले की ४ मेहुण्यांना परत आणि साडेतीन पुन्हा एफडीत. हे साडेतीन एफडी मोडून काढू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. दोन-तीन महिन्यांसाठी तेच स्वस्त पडतं. मेहुण्यांना आधीच तारीख सांगा. नात्यातल्या पैशात तारीख सांगितलेली बरी असते.

तुम्ही पुढे विचारलंय, प्लॉट ठेवून सगळंच कर्ज काढलं तर? समजा ४० लाख काढले, टप्प्याटप्प्याने उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. हप्ता सुरू होईल तेव्हा ४० चे ५९ झालेले असतील, आणि दहा वर्षांची परतफेड धरली तर हप्ता ७८ हजार. तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५८ ओलांडून निवृत्त झालेले असाल, पेन्शन तुमच्याच हिशोबाने ३६ हजार, आणि मुलगी पीजीच्या अभ्यासाला बसलेली. नुसत्या एमबीबीएसवर थांबणारे डॉक्टर आता कमीच दिसतात, हे विसरू नका. म्हणून कर्ज साडेसातच्या आत ठेवा आणि त्याचं व्याज, महिन्याला सव्वासहा हजारांच्या आसपास, पहिल्यापासून भरत चला. त्या व्याजाची उत्पन्नातून वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते बघा.

जॉर्जियाबद्दल थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, परत येऊन परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. ती परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण कित्येक सत्रांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहिलंय. ब्रोशरमध्ये खर्च साडेपाच वर्षांचा लिहितात, लागतात सात-आठ वर्षं. शिवाय नीटचा निकाल परदेशातल्या प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो, म्हणजे या महिन्यात ठरवायची काहीच घाई नाही. मी तरी हा पर्याय बाजूला ठेवला असता.

सावंगीसारख्या अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडे, नोंदणी करताना २ लाखांची अनामत लागते. ती परत मिळते, पण पुढच्या फेऱ्यांत जागा लागली आणि घेतली नाही तर बुडते. तुमच्या मर्यादेत न बसणाऱ्या कॉलेजांसाठी ते पैसे अडकवू नका. आणि उरलेल्या जागांच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे, फेरीबद्दल जास्त जपून. एमसीसीच्या स्ट्रे फेरीत जागा लागूनही रुजू न झालेल्याला पुढच्या वर्षीच्या नीटलाही बसू देत नाहीत. राज्याच्या माहिती पुस्तिकेतलं प्रवेश रद्द करण्याचं प्रकरण मुलीसोबत बसून एकदा वाचा. ‘भरून तर ठेवू, बघू नंतर’ ही सवय पहिल्या फेरीत खपते, शेवटी नाही. पसंतीक्रमात तेवढीच कॉलेजं ठेवा ज्यांची फी तुमच्या कागदात बसते.

मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी कॉलेजांत नंबर लागला तर पगारातूनच भागेल, प्लॉटकडे बघायचीही गरज नाही. फक्त सरकारी कॉलेजातून शिकल्यावर वर्षभराची बंधपत्रित सेवा आहे, हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

काहीच लागलं नाही तर? सक्करदऱ्याच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजात लागत असेल आणि तिला खरोखर आयुर्वेद शिकायचं असेल, तर तो चांगला पर्याय आहे. नुसती जागा अडवून ठेवायला खासगी बीएएमएसची फी भरणं मला पटत नाही. तिसरा प्रयत्न पैशांत सगळ्यात स्वस्त, दीड-दोन लाखांत होतो. पण तो कुणाला करायचाय, तिला की तुम्हाला, ते तिच्याकडूनच ऐका. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात गुण किती वाढले तेही पाहा. चांगले वाढले असतील तर बोलण्यात अर्थ आहे.

आणि तिसऱ्या फेरीत कॉलेज नागपूरजवळच, हिंगण्याकडचं निघालं, तर होस्टेलचे साडेसात लाख जवळजवळ सगळे वाचतात. मग शैक्षणिक कर्ज मंजूर करून ठेवा पण प्लॉट विकेपर्यंतच्या गरजेपुरतंच उचला, आणि वाचलेल्यातून तिला एक चांगली दुचाकी घेऊन द्या. मानेवाड्याहून रोजचं अंतर बरंच आहे.