रिसर्च फेलोशिपला निघण्याआधी : तरुण सर्जनांचे प्रश्न

परदेशात रिसर्च फेलोशिपला निघालेल्या सर्जनांकडून मला तेच ते प्रश्न येत राहतात, आणि त्यातले बरेचसे ‘सीनियर म्हणाला’ एवढ्याच आधारावर उभे असतात. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : फक्त संशोधनासाठी अमेरिकेत जायचं तर यूएसएमएलई (अमेरिकेतली डॉक्टरांची लायसन्स परीक्षा) द्यावी लागते का?

निव्वळ संशोधनासाठी नाही. पुढे रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं स्पेशालिटीचं ट्रेनिंग) करायची असेल तर मात्र सुटका नाही.

प्रश्न : सीनियर सांगतो की एकदा डिपार्टमेंटमध्ये शिरलं की सर हळूहळू ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब व्हायला, म्हणजे हात धुऊन ऑपरेशनमध्ये मदतीला उभं राहायला देतात. खरं आहे का?

या एका भरवशावर मुलं हातातली नोकरी सोडतात, म्हणून सविस्तर सांगतो. संशोधनाच्या जे-१ व्हिसावर (अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसा) डॉक्टरला रुग्णाला हात लावायचा असेल, तर कामाच्या ओघात येईल तेवढ्याच संपर्काची मुभा असते, आणि तीही मेडिकल स्कूलच्या डीनचं किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीचं पत्र असेल तरच. त्या पत्रात पाच गोष्टी नमूद कराव्या लागतात. तुमचं काम मुख्यतः निरीक्षण, सल्ला, अध्यापन किंवा संशोधनाचं आहे. रुग्णाजवळ असताना त्या राज्याचं लायसन्स असलेला डॉक्टर थेट देखरेख करेल. निदान आणि उपचारांची अंतिम जबाबदारी तुमच्याकडे नसेल. राज्याचे लायसन्सचे नियम पूर्ण पाळले जातील. आणि हा अनुभव स्पेशालिटी बोर्डाच्या (विशेषज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या) क्लिनिकल ट्रेनिंगमध्ये धरला जाणार नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. म्हणजे सगळं नियमात बसवून स्क्रब झालात, तरी ते महिने ट्रेनिंग म्हणून मोजले जात नाहीत. आणि पत्रच नसेल तर रिट्रॅक्टरही (जखमेच्या कडा बाजूला धरायचं साधन) धरू नका. ‘इथे कोण बघतंय’ असं म्हणणारे भेटतील. पण गुंतागुंत झाली की कागद तुमचे तपासले जातात. शिवाय टेबलावरच्या माणसाला आपल्या पोटात कोणाचा हात आहे हे कळण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्येही जीएमसी (तिथली डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन आणि लायसन्स नसताना रुग्णावर उपचार करता येत नाहीत.

ऑफर स्वीकारण्याआधी ईमेलने विचारा : आठवड्यातले किती दिवस लॅब आणि डेटा? ओटीत मागे उभं राहून बघायचं की स्क्रब व्हायचं? नंतर तेच विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही विचारा. सर फोनवर काय म्हणाले याला काडीची किंमत नाही.

प्रश्न : जे-१ वर गेलं की दोन वर्षं मायदेशी परतावंच लागतं ना?

सरसकट नाही. क्लिनिकल ट्रेनिंगच्या जे-१ ला ही अट लागतेच. संशोधनाच्या जे-१ ला ती सरकारी पैसा आणि तुमच्या देशाची कौशल्ययादी (त्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे याची अमेरिकी सरकारची यादी) यांवर ठरते. रिसर्च स्कॉलर म्हणून पुन्हा येण्यावरची २४ महिन्यांची बंदी वेगळी, दोन्हींची गल्लत नको. कागद इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : एक एजन्सी फी घेऊन जागा आणि सोबत दोन पेपरांत नाव देते आहे. घ्यावं का?

मुळीच नाही. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) निकषांनुसार लेखक म्हणवायला चारही गोष्टी लागतात : कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या परखड तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. फी यात कुठे बसते? मुलाखतीत कोणी त्या पेपरातली पद्धत विचारली तर काय सांगणार? खऱ्या कामातही लेखकांचा क्रम आणि परतल्यावर डेटा वापरता येईल का, हे पहिल्याच महिन्यात गाइडशी बोलून लिहून घ्या. डेटा बहुधा संस्थेच्या मालकीचा असतो. पेन ड्राइव्हवर उचलून आणायचा नसतो.

प्रश्न : रुजू व्हायला सहा आठवडे आहेत. इन्शुरन्स तिथे गेल्यावर घेतला तर चालेल?

नाही. जे-१ वर पहिल्या दिवसापासून विमा लागतो : प्रत्येक आजारासाठी किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, पार्थिव परत पाठवण्यासाठी २५,००० डॉलर. काही विद्यापीठं स्वतःचीच पॉलिसी घ्यायला लावतात, आधी विचारा. आणि डीएस-२०१९ (जे-१ साठी पात्र असल्याचा फॉर्म) अजून हातात आला नसेल, तर आजच इंटरनॅशनल ऑफिसला लिहा. त्याच्याशिवाय व्हिसाची मुलाखत होत नाही.

प्रश्न : दोन वर्षं ऑपरेशन केलं नाही तर हाताची सवय मोडेल का?

सफाई कमी होते, सरावाने परत येते. परतल्यावर सुरुवातीला कोणाच्या देखरेखीखाली ऑपरेशन करणार, हे आपल्या युनिट प्रमुखांशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवा.