टाचेवरची लाली आणि पाठांतराची वही

प्रश्न : प्रॅक्टिकल नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन मला चार महिने झाले. इंजेक्शन, सलाईन, औषधे शिकायला मिळतील असे वाटले होते; प्रत्यक्षात अंथरूण घालणे, हात धुणे आणि नाडी मोजणे यांतच दिवस जातो. पुस्तक जवळजवळ पाठ असूनही पहिल्या चाचणीत गुण कमी पडले. ‘अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या टाचेवर लाली दिसली तर काय कराल?’ या प्रश्नाला मी ‘मालिश करीन’ असे लिहिले आणि ते चुकले. शिवाय मी हिशेबात कच्ची आहे. हे क्षेत्र माझ्यासाठी नाही का?

उत्तर : आपण त्या चुकलेल्या उत्तरापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. मालिशने रक्तपुरवठा वाढेल हा तुमचा तर्क अगदीच निराधार नाही. एके काळी शुश्रूषेच्या वर्गांतही तसे शिकवले जाई. पण टाच, माकडहाड, खुबा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात आणि तेथील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. लालीवर बोट दाबून उचलल्यावर जागा क्षणभर फिकी पडली तर तेथे रक्त अजून खेळते आहे. फिकी पडली नाही तर तो शय्याव्रणाचा, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा असू शकतो, आणि आधीच दुखावलेली जागा चोळून आपण इजाच वाढवतो. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, म्हणून ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, गार, कडक किंवा मऊ लागते का, आणि दुखते का, हे पाहावे लागते. तेव्हा उत्तर असे की, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची, रुग्णाची कूस बदलायची, प्रभारी परिचारिकेला कळवायचे आणि जागा, आकार व वेळ यांची नोंद करायची.

आता तुम्हाला कंटाळवाण्या वाटणाऱ्या अंथरुणाकडे पाहा. चादरीची चुणी आणि ओल या दोन्हींमुळे त्वचा लवकर फाटते, आणि रुग्णाची पाठ व टाचा नीट पाहण्याची हुकमी वेळ म्हणजे चादर बदलण्याचीच. पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगळी छापलेली असतात, म्हणून पाठ करणाऱ्याच्या डोक्यातही ती वेगळीच राहतात.

नाडीचेही तसेच आहे. प्रौढ व्यक्तीची विश्रांत अवस्थेतील नाडी मिनिटाला 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20, हे आकडे पाठ हवेतच. त्यात सवलत नाही. मात्र आपले श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावर तशीच ठेवून छातीची हालचाल मोजायची असते. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की श्वासाची गती पुष्कळदा रक्तदाबाच्या आधी बदलते, आणि दुर्दैवाने अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडाही बहुधा हाच असतो. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा खोटाच चढा येतो. सकाळी 16 असलेले श्वास दुपारी 24 झाले, तर तो फरक लक्षात घेऊन लगेच कळवणे हे तुमचे काम आहे. निदान करणे नव्हे.

हात धुण्याबद्दल एवढेच सांगतो की अल्कोहोलयुक्त द्रावणाने क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. तेथे साबण आणि वाहते पाणीच लागते.

हिशेबाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण औषधाच्या मात्रेतील चूक रुग्णाला भोवते. पण लागणारे गणित शाळेतल्या त्रैराशिकाच्या पुढचे क्वचितच असते. डॉक्टरांनी 250 मिलिग्रॅम लिहिले आहे आणि बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असे छापले आहे, तर 10 मिलिलिटर द्यायचे. 1000 मिलिलिटर सलाईन 8 तासांत द्यायचे असेल तर ताशी 125 मिलिलिटर होते, आणि 15 थेंबांना 1 मिलिलिटर देणाऱ्या संचात मिनिटाला साधारण 31 थेंब पडतात. रोज अशी पाच उदाहरणे एकके लिहून सोडवा. अर्धा मिलिग्रॅम नेहमी 0.5 असाच लिहा आणि 1 च्या पुढे टिंब-शून्य कधीही देऊ नका. घाईत टिंब नजरेतून सुटले की 1.0 चे 10 होतात.

तुमच्या योग्यतेविषयी चार महिन्यांत निकाल देणे मला घाईचे वाटते. प्रॅक्टिकल नर्स नोंदणीकृत परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते आणि तिची कार्यकक्षा कायद्याने ठरलेली असते. ती नियमावली आताच वाचा, म्हणजे कोणते काम तुमचे आणि कोणते नाही याचा गोंधळ उरणार नाही. पाठांतराच्या वहीत प्रत्येक कृतीसमोर ‘का?’ असा एक रकाना आखा. तो रिकामा राहील तेथे शिक्षिकांना विचारा. चिडतील या भीतीने गप्प राहू नका. सहा महिन्यांनंतरही तो भरावासा वाटला नाही, तर मला पुन्हा लिहा, मग आपण दुसऱ्या वाटांचा विचार करू.

तूर्त पुढच्या ड्यूटीत एका रुग्णाचे श्वास आधी 15 सेकंद मोजून चौपट करा, नंतर पूर्ण मिनिटभर मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा.